शालेय डिजिटल दरी (मुंबई)

शाळेत संगणक, टॅब, प्रोजेक्टर किंवा इंटरनेट नसणे, अथवा असूनही विद्यार्थ्याच्या हाती न लागणे, या स्थितीला शालेय डिजिटल दरी म्हणतात. मुंबईच्या बाबतीत व्याख्येचा उत्तरार्ध जास्त महत्त्वाचा आहे.

प्राथमिक शिक्षण हे मुंबई महानगरपालिकेचे 1888 च्या अधिनियमानुसार बंधनकारक कर्तव्य आहे. पालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ माध्यमांत चालतात. शिक्षण विभागाचा अर्थसंकल्प अलीकडे दरवर्षी 3,000 कोटी रुपयांच्या वर असतो, पण त्यातला मोठा वाटा वेतनावर खर्च होतो. 2015 मध्ये दप्तराचे ओझे कमी व्हावे म्हणून पालिकेने आठवीच्या विद्यार्थ्यांना टॅब दिले. कल्पना चांगली होती. मात्र टॅबची बॅटरी काही वर्षांत उतरते, आणि 2018 मध्ये तर आठवीची पाठ्यपुस्तकेच बदलली. खरेदी एकदाच होते, देखभाल आणि नवे पाठ भरणे दरवर्षी करावे लागते. आठ माध्यमांसाठी ते करणे आणखी कठीण.

खासगी अनुदानित शाळांची अडचण वेगळी आहे. गिरगाव, परळ, लालबाग, दादर इथल्या जुन्या मराठी शाळांत शिक्षकांचा पगार सरकार देते. वीजबिल, खडू, दुरुस्ती, इंटरनेट हा खर्च वेतनेतर अनुदानातून भागवायचा असतो आणि ते अपुरे पडते. पटसंख्या घटते आहे, पालकांकडून जास्त शुल्क घेता येत नाही. मग माजी विद्यार्थ्यांच्या देणगीवर किंवा एखाद्या कार्यालयाने काढून टाकलेल्या संगणकांवर प्रयोगशाळा उभी राहते.

उभी राहिली तरी तिच्या दाराला बहुधा कुलूप असते. प्रत्येक यंत्राची नोंद डेडस्टॉक नोंदवहीत, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या यादीत होते. ते हरवले वा बिघडले तर जाब मुख्याध्यापकांना विचारला जातो. बिघडलेला संगणक फेकूनही देता येत नाही. निर्लेखनाची, म्हणजे त्या यादीतून नाव कमी करण्याची मंजुरी येईपर्यंत तो जागा अडवून बसतो. पावसाळ्यात भिंतींना ओल येते, समुद्राची खारी हवा बारा महिने असतेच. अशा वेळी वस्तू जपून ठेवणे हाच सुरक्षित मार्ग वाटला, तर त्याचा दोष मुख्याध्यापकांना देणे अन्यायाचे आहे. ज्या व्यवस्थेत वापरून मोडलेल्या वस्तूबद्दल जाब द्यावा लागतो आणि न वापरलेल्या वस्तूबद्दल कोणी विचारत नाही, तिथे कुलूपच लागणार.

जागेचाही प्रश्न आहे. पालिकेच्या एकाच इमारतीत वेगवेगळ्या माध्यमांच्या शाळा, सकाळ आणि दुपार अशा दोन अधिवेशनांत भरतात. संगणक कक्ष मात्र एकच. एका यंत्रापुढे तिघे-चौघे बसतात. माउस धरणारा एक, बाकीचे बघणारे. त्यातच शिक्षक निवडणुकीच्या कामावर गेले की तो तासही जातो.

करोनाकाळात ही दरी घराघरांत दिसली. मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या. मुंबईत आठवीपासून पुढचे वर्ग 4 ऑक्टोबर 2021 ला, तर पहिली ते सातवीचे 15 डिसेंबर 2021 ला उघडले. धारावी किंवा गोवंडीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत बहुतेकदा फोन एकच, तोही वडिलांसोबत कामावर गेलेला. ते रात्री परतल्यावर भावंडांनी पाळीपाळीने गृहपाठ उतरवून घ्यायचा, नेटपॅक संपेपर्यंत. पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड छापलेले होते. ते उघडायलाही तोच फोन लागे. सह्याद्री वाहिनीवरचे पाठ त्यामुळे अनेकांना जास्त जवळचे वाटले.

दहावीनंतर याची किंमत लगेच कळते. मुंबई महानगर क्षेत्रात अकरावीचे प्रवेश 2009 पासून ऑनलाइन होतात. शाळेत माउसला हात न लागलेला विद्यार्थी तेव्हा नाक्यावरच्या सायबर कॅफेत पैसे मोजून उभा राहतो आणि त्याच्या महाविद्यालयांचा पसंतीक्रम दुकानदार भरतो.