प्रोजेक्ट टेम्प्लेटचे प्रश्न

नवीन सॉफ्टवेअर प्रोजेक्ट काढताना टूल टर्मिनलवर एकेक करून जे विचारतं, म्हणजे नाव काय, लेखक कोण, लायसन्स कुठलं, डेटाबेस हवा का, आणि त्या उत्तरांवरून सगळ्या फायली तयार करून देतं, ते हे प्रश्न. एकदा नीट लिहून टेम्प्लेटसोबत (म्हणजे फायलींचा तयार साचा) गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं टूल) टाकले की पुढच्या प्रत्येक प्रोजेक्टला तेच चालतात. गोव्यात काम सुरू करायच्या आधी देवाला कौल लावतात ना, तसंच थोडंसं, फक्त इथे विचारणारं टूल आणि उत्तर देणारे आपण.

सगळ्यांनी पाहिलेलं उदाहरण एनपीएम इनिट, म्हणजे जावास्क्रिप्टच्या पॅकेज मॅनेजरची नवीन प्रोजेक्ट काढायची कमांड. पॅकेजचं नाव, व्हर्जन, वर्णन, टेस्ट कमांड, कीवर्ड असं विचारत जातं, बहुतेक जण नुसतं एंटर एंटर करतात आणि व्हर्जन १.०.० नि लायसन्स आयएससी पडतं (ते आयएससी नावाचं ओपन सोर्स लायसन्स काय आहे हे कोणी वाचलेलं नसतं). जावावाल्यांच्या मेव्हन या बिल्ड टूलच्या आर्किटाइपमध्ये (म्हणजे टेम्प्लेटमध्ये) ग्रुप आयडी (संस्थेची ओळख), आर्टिफॅक्ट आयडी (प्रोजेक्टचं नाव) विचारून शेवटी वाय, म्हणजे 'हो', दाबून घेतात. येओमन हे जावास्क्रिप्टवाल्यांचं असंच टूल २०१२ मध्ये आलं. पायथनमधलं कुकीकटर ऑड्री रॉय ग्रीनफेल्ड यांनी २०१३ मध्ये काढलं, त्यात प्रश्न एका जेसन फाईलमध्ये असतात, डावीकडे व्हेरिएबल, उजवीकडे डिफॉल्ट उत्तर, आणि डिफॉल्टच्या जागी लिस्ट दिली की आपोआप पर्याय येतात. एका उत्तरावरून दुसरं पण काढता येतं, प्रोजेक्टच्या नावावरून फोल्डरचं नाव वगैरे.

कुकीकटरमध्ये एक जुनी खोड आहे, तिच्यात मी पण अडकलोय. डॉकर (ॲप कंटेनरमध्ये बंद करून चालवणारं टूल) हवा का याला डिफॉल्ट म्हणून 'एन' (नाही) अक्षर ठेवलं आणि टेम्प्लेटमध्ये नुसतं 'इफ डॉकर' लिहिलं तर डॉकरफाईल येतेच येते, कारण 'एन' ही पण रिकामी नसलेली स्ट्रिंग (म्हणजे मजकूर) आहे आणि टेम्प्लेट भरणाऱ्या जिंजा इंजिनला ती खरीच वाटते. 'वाय आहे का' असं तपासावं लागतं. नंतरच्या व्हर्जनमध्ये खरे बूलियन (फक्त हो किंवा नाही असं उत्तर) आले म्हणून बरं.

आपल्याकडे नावाचा प्रश्न वेगळाच त्रास देतो. समजा फोंड्याच्या एखाद्या जत्रा समितीसाठी ॲप करायचंय आणि पोराने नावात सरळ देवनागरीत 'जत्रा हिशोब' टाकलं, तर एनपीएम घेत नाही, पॅकेजचं नाव यूआरएलमध्ये चालेल असंच लागतं, स्पेस पण नको. म्हणून प्रश्न दोन ठेवायचे, दाखवायचं नाव एक, ते मराठीत, आणि रोमन अक्षरातलं आतलं नाव वेगळं. भाषेचंही तसंच. गोव्यातल्या ॲपला कोकणी, मराठी, इंग्रजी तिन्ही लागतात, पण टेम्प्लेट करणाऱ्याने भाषेचा कोड दोनच अक्षरी हवा अशी तपासणी घातली असेल तर मराठीचा 'एमआर' पास होतो आणि कोकणी बाहेर, कारण कोकणीला दोन अक्षरी कोड नाहीच, तीन अक्षरी 'केओके' आहे!

किती विचारायचं? माझ्या मते जे नंतर बदलायला जड जातं तेवढंच, जसं पॅकेजचं नाव, ते प्रत्येक इम्पोर्टमध्ये जाऊन बसतं. वीस प्रश्न टाकले की माणूस सातव्यानंतर वाचायचंच सोडतो. लेखकाचं नाव, ईमेल हे दरवेळी कशाला, कुकीकटरला होम फोल्डरमधल्या कॉन्फिग फाईलमध्ये एकदा देऊन ठेवलं की तेच डिफॉल्ट म्हणून येतं.

उत्तरं सांभाळण्यात कॉपियर हे असंच दुसरं टेम्प्लेट टूल पुढे आहे. ते सगळी उत्तरं प्रोजेक्टमध्येच एका यामल (साध्या मजकुराच्या) फाईलमध्ये लिहून ठेवतं, त्यामुळे सहा महिन्यांनी मूळ टेम्प्लेट सुधारलं तर अपडेट कमांड देऊन ते बदल जुन्या प्रोजेक्टमध्ये पण आणता येतात. ती फाईल गिटमध्ये जाते, म्हणून पासवर्ड असल्या प्रश्नांना 'सीक्रेट' अशी खूण करतात, मग त्यांची उत्तरं त्या फाईलमध्ये लिहिली जात नाहीत.