आय वेईवेईच्या आधीची तीस वर्षं: चिनी कलाकार सरकारशी का भिडले

चिनी कलाकार आणि सरकारशी पंगा म्हटलं की आपल्याला एकच नाव आठवतं, आय वेईवेई. 2011 च्या एप्रिलमध्ये त्याला बीजिंग एअरपोर्टवर धरलं आणि 81 दिवस डांबून ठेवलं, जगभर बातम्या झाल्या, म्हणून ते साहजिकच आहे. पण हे सगळं सुरू झालं 1979 साली, आणि तेव्हा हा आय वेईवेई एका ग्रुपमधला एक तरुण पोरगा होता फक्त.

माओनं 1942 मध्येच येनान या कम्युनिस्ट पक्षाच्या तेव्हाच्या तळावर दिलेल्या भाषणांत सांगून टाकलं होतं की कला कामगार, शेतकरी आणि सैनिकांसाठी, म्हणजे प्रत्यक्षात पक्षासाठी. सांस्कृतिक क्रांतीत, म्हणजे जुने विचार आणि विरोधक मोडून काढायला माओनं 1966 पासून चालवलेल्या मोहिमेत, तर चित्र म्हणजे लालबुंद गालांची हसरी माणसं आणि मधोमध माओ, एवढंच उरलं. गॅलऱ्या सरकारी, कलाकारांची संघटना सरकारी, त्यामुळे बाहेरच्या माणसानं चित्र काढलं तरी ते लावायचं कुठे? माझ्या मते पुढच्या सगळ्या भांडणाचं मूळ या प्रश्नात आहे. पुढे भिडलेल्या बऱ्याच कलाकारांना राजकारण करायचंच नव्हतं, पण भिंतच सरकारची असली की तिच्यावर खिळा ठोकणं हेही राजकारण होतं.

माओ 1976 मध्ये गेला. 1978 च्या शेवटी बीजिंगच्या शीदान भागात एका भिंतीवर लोक आपलं म्हणणं लिहून चिकटवायला लागले, तीच लोकशाहीची भिंत. त्याच वातावरणात ह्वांग रुई, मा देशंग, वांग केपिंग वगैरे मंडळी एकत्र आली, बहुतेक जण स्वतःच शिकलेले, ग्रुपचं नाव ठेवलं तारे, आय वेईवेई होता तो हाच ग्रुप. हॉल मिळेना, मग 27 सप्टेंबर 1979 ला त्यांनी राष्ट्रीय कलादालनाच्या बाहेरच्या कुंपणावर स्वतःची दीडशेच्या आसपास चित्रं, शिल्पं टांगली. आत सरकारी प्रदर्शन, बाहेर हे, आणि गर्दी बाहेर! दोन दिवसांत पोलिसांनी ते बंद पाडलं.

पण ही पोरं घरी बसली नाहीत. 1 ऑक्टोबरला, म्हणजे कम्युनिस्ट राजवटीला बरोबर 30 वर्षं होत होती त्या दिवशी, त्यांनी मोर्चा काढला, मागणी होती राजकीय लोकशाही आणि कलेचं स्वातंत्र्य. मा देशंगला लहानपणी पोलिओ झालेला, तो कुबड्यांवर पुढे चालत होता. मला हा सगळा इतिहास वाचताना तोच माणूस सगळ्यात मोठा वाटतो, कारण त्याच महिन्यात वेई जिंगशंग या लोकशाही मागणाऱ्या कार्यकर्त्याला लोकशाहीच्या भिंतीवरच्या लिखाणामुळे 15 वर्षांची शिक्षा झाली, म्हणजे धोका काय आहे हे सगळ्यांना दिसत होतं. तरी 1980 मध्ये त्यांना त्याच कलादालनाच्या आत प्रदर्शन भरवता आलं, आणि वांग केपिंगनं तिथे लाकडात कोरलेला बुद्धासारखा माओ ठेवला!! नंतर दारं परत बंद झाली, यातले बरेच जण देश सोडून गेले.

पुढची पिढी आर्ट कॉलेजांमधून आली, 1985 च्या सुमाराला गावोगावी ग्रुप निघाले. या सगळ्यांना घेऊन गाओ मिंगलू हा कला समीक्षक आणि इतरांनी 5 फेब्रुवारी 1989 ला त्याच राष्ट्रीय कलादालनात मोठं प्रदर्शन उघडलं, चिन्ह काय तर यू-टर्न बंदची रस्त्यावरची पाटी. पहिल्याच दिवशी शिआओ लू नावाच्या तरुणीनं स्वतःच्याच टेलिफोन बूथच्या कलाकृतीवर पिस्तुलानं गोळ्या झाडल्या आणि प्रदर्शन बंद. चार महिन्यांत तिआनआनमेन घडलं, म्हणजे बीजिंगच्या त्या चौकातलं लोकशाहीसाठीचं आंदोलन सैन्यानं गोळ्या झाडून चिरडलं, म्हटल्यावर लोक त्या गोळ्यांकडे त्याच नजरेनं बघायला लागले, पण पुढे शिआओ लूनं सांगितलं की ती तिच्या खाजगी आयुष्यातली वेदना होती. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, बाईचं दुःखसुद्धा तिथे राजकारण ठरलं.

त्याच आंदोलनात तिआनआनमेन चौकात 30 मेला सेंट्रल अकादमी या आर्ट कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी फोम आणि कागदाच्या लगद्याची 10 मीटर उंच लोकशाहीची देवी उभी केली, माओच्या फोटोसमोर. 4 जूनला पहाटे सैन्यानं ती पाडली.

नव्वदीत वेगळंच झालं, माओची पॉप चित्रं परदेशात भरपूर पैशाला विकली जायला लागली आणि धार थोडी बोथट झाली असं मला वाटतं. ती परत आली 2008 च्या सिचुआन भूकंपानंतर. कच्च्या बांधलेल्या शाळा कोसळून किती मुलं गेली हे सरकार सांगेना, तेव्हा आय वेईवेई आणि स्वयंसेवकांनी घरोघरी जाऊन 5000 च्या वर मुलांची नावं गोळा केली, आणि 2009 मध्ये म्युनिकच्या एका म्युझियमच्या दर्शनी भिंतीवर त्यानं 9000 दप्तरं लावून एका आईचं वाक्य लिहिलं, ती सात वर्षं या जगात आनंदात राहिली. 2011 च्या अटकेमागे हे सगळं होतं, सरकारनं मात्र कारण दिलं टॅक्सचं.

आणि हे संपलेलं नाही. ऑगस्ट 2024 मध्ये गाओ झेन या शिल्पकाराला चीनमध्ये अटक झाली, तो अमेरिकेत राहायला गेला होता, घरच्यांना भेटायला आला होता. आरोप वीरांच्या बदनामीचा, शिल्पं माओची, त्यातलं एक तर गुडघे टेकून पश्चात्ताप करणारा माओ. ती केली तेव्हा हा कायदा अस्तित्वातसुद्धा नव्हता.