दगडी कमान भार कसा पेलते: लोंढा-कॅसलरॉक मार्गावरच्या जुन्या पुलांचे शास्त्र

बेळगावहून खानापूर, लोंढा ओलांडून कॅसलरॉकमार्गे गोव्यात उतरणाऱ्या लोहमार्गावर, दूधसागर धबधब्याच्या अगदी समोर, दगडी कमानींचा एक पूल आहे. त्याची छायाचित्रे आपण सर्वांनी पाहिली आहेत. मात्र सगळे लक्ष धबधब्याकडे जाते आणि पुलाचा विचार क्वचितच होतो. याच मार्गावर ओढ्या-नाल्यांवरच्या लहान कमानी, म्हणजे आपल्या बोलीतल्या मोऱ्या, तर कोणाच्या गणतीतही नसतात. माझ्या मते या भागातील स्थापत्यकलेचा तो एक मोलाचा ठेवा आहे.

या मार्गाचे मूळ दुष्काळात आहे. १८७६ ते १८७८ या काळात बेळगाव, धारवाड, विजापूर हा सारा मुलूख होरपळला. दूरच्या प्रांतातले धान्य इथवर आणायचे तर बैलगाडीखेरीज साधन नव्हते, आणि बैलच चाऱ्यावाचून मरत होते. त्यानंतर नेमलेल्या दुष्काळ आयोगाने रेल्वेमार्ग वाढवण्यावर भर दिला आणि १८८२ साली सदर्न मराठा रेल्वे कंपनी स्थापन झाली. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारामुळे मुरगाव बंदरापर्यंत लोहमार्ग नेण्याची वाट आधीच मोकळी झाली होती. पोर्तुगीज हद्दीतला मार्ग कॅसलरॉकला येऊन मिळाला आणि १८८८ साली घाटातून गाड्या धावू लागल्या. खर्च आवरण्यासाठी रुळांमधले अंतर १ मीटर ठेवलेले होते.

त्या काळी लोखंडी तुळया इंग्लंडहून जहाजाने मागवाव्या लागत. दगडाची मात्र इथे वाण नव्हती: बेळगावच्या आसपास काळा पाषाण, गोकाककडे वालुकाश्म, खानापूरच्या बाजूला जांभा. दगडाचा एक स्वभाव मात्र सांभाळावा लागतो. तो दाब भरपूर सोसतो, ताण जवळजवळ सोसत नाही. सपाट ठेवलेली लांब शिळा वाकली की तिच्या खालच्या बाजूला ताण पडतो आणि ती तिथूनच तडकते. कमानीत प्रत्येक दगड शेजारच्या दगडाला रेटतो, त्यामुळे सगळा भार दाबाच्या रूपानेच दोन्ही टोकांच्या आधारांपर्यंत पोहोचतो.

हा आकार कसा ठरवायचा, याचे मर्म रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७५ साली सांगून ठेवले होते. दोन खुंट्यांना सैल बांधलेले दावे लोंबते तेव्हा त्यात फक्त ताण असतो. तोच आकार उलटा करून दगडात उभारला तर त्यात फक्त दाब राहतो. भार कमानीच्या जाडीतून ज्या वाटेने आधारांकडे जातो, ती दाबाची रेषा जाडीच्या मधल्या तिसऱ्या हिश्श्यात असेल, तर कुठेही ताण निर्माण होत नाही. ती त्याबाहेर सरकली, तर एखादा सांधा किंचित उघडतो, पण तेवढ्याने कमान पडत नाही. रेषा चार ठिकाणी आळीपाळीने वरच्या आणि खालच्या कडेला टेकली की तिथे जणू चार बिजागऱ्या तयार होतात, आणि मगच कमान कोसळते. गाडीचा भार बरोबर माथ्यावर असताना कमानीला फारसा धोका नसतो. तो गाळ्याच्या, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराच्या, साधारण पाव अंतरावर असताना रेषा सर्वाधिक ढळते. कमानीवर मातीचा आणि मुरमाचा जाड थर घालतात तो यासाठीच. चाकांचा भार त्यात पसरतो आणि त्याचे स्वतःचे वजन दाबाच्या रेषेला जागेवर धरून ठेवते. वजन वाढवल्याने बांधकाम अधिक सुरक्षित व्हावे, हे मला या रचनेतले सर्वांत विलक्षण सत्य वाटते.

अर्थात काम चोख हवे. बोरघाटातला दगडी कमानींचाच एक मोठा पूल बांधून काही वर्षे होतात न होतात तोच १८६७ च्या पावसाळ्यात ढासळला, आणि त्याचे कारण निकृष्ट बांधकामात होते. चुनखडी भट्टीत भाजून, विझवून, वाळू किंवा सुरकी (विटांची पूड) मिसळून घाण्यात मळलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत सावकाश घट्ट होतो. तो सिमेंटइतका कडक नसतो आणि हाच त्याचा गुण आहे, कारण उन्हाने व थंडीने होणारी दगडांची बारीक हालचाल तो सामावून घेतो. म्हणून जुन्या कमानींचे सांधे कडक सिमेंटने लिंपण्याचा प्रकार मला घातक वाटतो. त्याने पाणी आत कोंडते आणि दगडांच्या कडा फुटतात.

१९९० च्या दशकात हा मार्ग १,६७६ मिलिमीटर रुंदीचा झाला. आज मुरगावहून कोळसा घेऊन घाट चढणाऱ्या मालगाड्यांचे वजन जुन्या अभियंत्यांच्या कल्पनेत नव्हते. तरीही खानापूर-लोंढ्याच्या पावसात कमानीचा खरा शत्रू पाणीच असते. भरावात साचलेले पाणी बाजूच्या भिंती बाहेर ढकलते, चुना विरघळवून नेते, आणि पिंपळ-उंबराची मुळे त्या ओलीचा माग काढत सांध्यांत शिरतात. कमानीच्या पोटाशी दिसणारे पांढरे ओघळ म्हणजे निसटलेला चुनाच असतो.

भेगांचाही अर्थ लावता येतो. बाजूच्या भिंतीलगत, रुळांना समांतर गेलेली भेग बऱ्याच कमानींत आढळते आणि बहुधा तिच्यावर नजर ठेवणे पुरेसे असते. माथ्याखाली रुळांना आडवी पडलेली भेग मात्र टोकांचे आधार बाहेर सरकत असल्याचे सुचवते. अशा भेगेवर काचेची पातळ पट्टी चिकटवून तारीख लिहितात. पट्टी अखंड राहिली तर भेग जुनी आणि स्थिरावलेली समजतात, तडकली तर गाड्यांचा वेग कमी करून आधारांच्या पायाची तपासणी हाती घेतात.