'ओरे मोनोगातारी' आणि सुखद धक्का: शोजो रोमकॉमची पार्श्वभूमी

2015 च्या एप्रिलमध्ये 'ओरे मोनोगातारी' हे अ‍ॅनिमे (जपानी अ‍ॅनिमेशन मालिका) टीव्हीवर आलं. हिरो ताकेओ, 2 मीटर उंच, 120 किलो वजन, जाड भुवया, आणि आजवर त्याला आवडलेल्या प्रत्येक मुलीचं मन त्याच्या देखण्या मित्रावर, सुनावर, बसलेलं. पहिल्या भागात तो ट्रेनमध्ये छेड काढणाऱ्या माणसापासून यामातोला वाचवतो, ती आभार म्हणून गोड पदार्थ करून आणते आणि हा गडी ठरवून मोकळा की हिला सुनाच आवडतो. आता हा गैरसमज 24 भाग ताणणार असं धरून मी बसले होते, आणि तिसऱ्याच भागात दोघांचं जुळलं सुद्धा! पुढे सगळी मजा जुळल्यानंतरची. सुनाने एवढ्या मुलींना नकार का दिला ते कळतं (त्या ताकेओबद्दल वाईट बोलायच्या म्हणून), तिथे माझे डोळे भरून आले.

"मुलींचं आहे पण भारी आहे" असं तेव्हा खूप जण म्हणाले. त्यातला तो 'पण' कुठून आला हे बघायचं तर आधी 'शोजो' (जपानीत 'मुलगी') हा शब्द सोडवावा लागतो, कारण घोळ तिथेच आहे.

शोजो म्हणजे गोष्टीचा प्रकार नाही. मांगा, म्हणजे जपानी कॉमिक, कुठल्या मासिकात आला आणि ते मासिक कोणासाठी निघतं, एवढाच त्याचा अर्थ. 'ओरे मोनोगातारी' मुलींच्या मासिकातला, 2013 साली त्याला शोजो विभागातला मोठा पुरस्कारही मिळाला, त्यामुळे हिरो कितीही आडदांड असला तरी ते शोजोच. याच्या बरोब्बर उलटं 'गेक्कान शोजो नोझाकी-कुन'. नावातच शोजो, गोष्ट शोजो मांगा काढणाऱ्या शाळकरी मुलाची, आणि मूळ मांगा मात्र मुलग्यांसाठीच्या वेब मासिकात 2011 पासून. 2014 च्या उन्हाळ्यात 12 भाग आले आणि तेव्हापासून वाद चालू आहे की याला शोजो म्हणायचं का. नियमाने नाही म्हणायचं, हे मला मान्य. पण त्यातला विनोद बघा ना, पहिल्याच भागात नायिका चियो नोझाकीजवळ प्रेम व्यक्त करायला जाते, घाबरून "मी तुमची फॅन आहे" म्हणून बसते आणि तो तिला सही देतो, मग मांगासाठी सायकलवर डबलसीट जाण्याचा रोमँटिक सीन हवा पण डबलसीट बेकायदेशीर, म्हणून दोघं जण दोन पेडलवाली लांब सायकल मारतात. शोजोत डबलसीटचा सीन किती लाडका आहे हे ज्याला माहीत नाही त्याला यात हसू कशाचं येणार? त्यामुळे "हे शोजो नाहीच, म्हणून चांगलं आहे" हा जो सूर लागतो तो मला अजिबात पटत नाही, विनोद शोजोच्याच घरचा आहे.

आणि तो आधीपासून होता. मुलींची मांगा मासिकं 1950 च्या दशकातली, 'नाकायोशी' 1954, 'रिबॉन' 1955, सुरुवातीला त्यातले मांगा काढणारे बरेचसे पुरुषच, 70 च्या दशकात लेखिकांनी सूत्रं घेतली आणि मनातलं बोलणं थेट पानावर यायला लागलं. हसणं आणि रडणं एकाच पानावर, ही सवय तेव्हापासूनची.

अ‍ॅनिमेत ते जोरात आलं 1998 च्या 'कारे कानो'त. युकिनो शाळेत आदर्श विद्यार्थिनी, घरी मळखाऊ ट्रॅकसूट, चष्मा, आणि सगळा खटाटोप कौतुकासाठी. शेवटाकडे तर एका भागात काठ्यांना लावलेली कागदी चित्रं नाचवून गोष्ट सांगितली आहे. 26 भागांत विनोदाला जास्त जागा दिली यावरून तेव्हा बरीच नाराजी झाली, आणि मूळ मांगा 2005 पर्यंत चालू राहिल्याने अ‍ॅनिमे अर्धवटच राहिलं. 2006 च्या 'ओरान हायस्कूल होस्ट क्लब'लाही स्वतःचा वेगळा शेवट करावा लागला, कारण मांगा 2010 पर्यंत चालला.

अर्धवट सोडायची ही खोड अलीकडे जरा सुटते आहे. 2001 चं 'फ्रूट्स बास्केट' 26 भागांत थांबलं होतं, 2019 ते 2021 मध्ये ते पहिल्यापासून परत केलं, 63 भाग, पूर्ण गोष्ट. 'किमी नी तोदोके' या दुसऱ्या शोजो अ‍ॅनिमेचा दुसरा सीझन 2011 चा, तिसरा यायला 2024 चा ऑगस्ट उजाडला. 'ओरान'चा नंबर अजून लागलेला नाही.