लिनक्सवर मराठी टंकलेखन: कळफलकाचा लेआउट आणि इनपुट मेथड

लिनक्सचा डेस्कटॉप नव्याने बसवून झाला, सेटिंग्जमध्ये कीबोर्डचे पान उघडले आणि तिथे 'मराठी' शोधले, की एका नोंदीऐवजी अनेक नोंदी समोर येतात. एकीवर 'मराठी (कगप, फोनेटिक)' असे असते, दुसरीवर इन्स्क्रिप्ट (भारतीय लिप्यांसाठी ठरवलेली प्रमाण मांडणी) असते, तिसरीवर 'मराठी (आयट्रान्स (एम१७एन))' असे कंसात कंस असलेले नाव असते. फोंड्याजवळच्या आमच्या वाड्यावरचे एक निवृत्त गुरुजी जत्रेच्या नाटकांच्या संहिता संगणकावर उतरवून ठेवतात. त्यांना यंत्र लावून देताना त्यांनी मला विचारले, "अरे, मराठी एकच ना? मग इथे इतक्या कशाला?" त्या क्षणी मी जे उत्तर दिले ते अपुरे होते. भाषा एकच असली तरी त्या यादीत दोन अगदी वेगळ्या यंत्रणा शेजारी शेजारी मांडलेल्या असतात, एक कळफलकाचा लेआउट आणि दुसरी इनपुट मेथड, आणि ग्नोम डेस्कटॉपने दोघींना 'इनपुट सोर्सेस' या एकाच मथळ्याखाली ठेवल्यामुळे त्या एकाच जातीच्या वाटतात.

लेआउट म्हणजे एक नकाशा. कळ दाबली की कळफलक संगणकाला अक्षर पाठवत नाही, केवळ त्या कळेचा क्रमांक पाठवतो. त्या क्रमांकाला कोणते चिन्ह द्यायचे हे ज्या तक्त्यावरून ठरते तो तक्ता म्हणजे लेआउट. लिनक्सच्या डेस्कटॉपवर हे काम एक्सकेबी ही यंत्रणा करते, आणि वेलँड या पडदा हाताळणाऱ्या नव्या यंत्रणेवर आधारलेल्या डेस्कटॉपांतही तक्ते तेच वापरले जातात. या यंत्रणेची मर्यादा नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुढचे सगळे तिच्यातूनच निघते: लेआउटला मागची आठवण नसते. शिफ्ट दाबलेली आहे की नाही एवढे तो पाहतो, पण आधी कोणते अक्षर उमटले याच्याशी त्याला कर्तव्य नसते.

इनपुट मेथड हा त्यानंतर येणारा, स्वतंत्रपणे चालणारा प्रोग्राम असतो. लेआउटने दिलेले चिन्ह उपयोजनापर्यंत पोहोचण्याआधी तो अडवतो, आधीच्या चिन्हांशी ताडून पाहतो, आणि मग काय लिहायचे ते ठरवतो. ग्नोममध्ये २०१२ पासून आयबस ही चौकट अंगभूत आहे. केडीई हा दुसरा डेस्कटॉप वापरणारे बरेचजण एफसीआयटीएक्स ही तशीच दुसरी चौकट पसंत करतात. या चौकटींमध्ये भारतीय भाषांचे तक्ते प्रामुख्याने एम१७एन या संग्रहातून येतात. (इंग्रजीतील 'मल्टिलिंग्वलायझेशन' या शब्दाच्या आद्य आणि अंत्य अक्षरांमध्ये सतरा अक्षरे आहेत, म्हणून हे नाव.) अशी यंत्रणा मुळात चिनी आणि जपानी लिप्यांसाठी अपरिहार्य ठरली, कारण हजारो चिन्हे शंभरेक कळांवर मांडताच येत नाहीत. देवनागरीची तशी अडचण नाही. युनिकोड या सर्व लिप्यांच्या सामाईक संकेतप्रणालीत तिच्या मुख्य विभागाला १२८ जागा आहेत आणि रोजच्या मराठीला त्यांतल्याही थोड्याच लागतात. म्हणूनच मराठीपुढे दोन्ही वाटा खुल्या राहतात, आणि गोंधळही इथूनच सुरू होतो.

'गोवा' हा शब्द दोन्ही वाटांनी लिहून पाहावा. इन्स्क्रिप्ट लेआउटमध्ये इंग्रजी आय, ए, बी आणि ई या अक्षरांच्या कळा ओळीने दाबल्या की ग, ओकाराची मात्रा, व आणि काना उमटतात. चार कळा, चार चिन्हे, आणि प्रत्येक चिन्ह उमटले तिथेच पक्के होते. आयट्रान्स ही इनपुट मेथड असेल तर जी दाबल्यावर पडद्यावर हलन्त ग् दिसतो आणि त्याच्याखाली बहुधा रेघ असते. ओ दाबताच तो ग् पुसला जाऊन त्याच्या जागी 'गो' येतो. जी आणि ओ मिळून काय होते हे कळायला जी लक्षात ठेवावी लागते, आणि लेआउटला ते जमत नाही. उच्चाराप्रमाणे रोमन अक्षरे टंकून देवनागरी मिळवण्याची कोणतीही पद्धत लिनक्सवर इनपुट मेथडच असावी लागते, ती याच कारणाने.

इथे 'फोनेटिक' हा शब्द मात्र फसवतो. 'मराठी (कगप, फोनेटिक)' हे नाव वाचून अनेकांना वाटते की आता रोमनमध्ये लिहिले की मराठी येणार. कगप हे कन्नड गणक परिषत् या संस्थेच्या नावाचे लघुरूप आहे. आपल्या शेजारच्या कर्नाटकात कन्नडसाठी आखलेली ही मांडणी पुढे मराठी, हिंदी आणि संस्कृतसाठीही एक्सकेबीत आली. के या कळेवर क असतो एवढ्याच अर्थाने ती उच्चारानुसारी आहे. ती लेआउटच आहे, त्यामुळे जोडाक्षरासाठी हलन्ताची कळ तुम्हालाच दाबावी लागते. गुरुजींनी आधी हीच निवडली होती, आणि आपल्या मनातले शब्द कागदावर का उतरत नाहीत हे त्यांना कळेना. चूक त्यांची नव्हती. यादीतले नाव पुरेसे बोलके नव्हते. ग्नोमच्या यादीत कंसात एम१७एन दिसले की ती इनपुट मेथड, एवढी खूण लक्षात ठेवली तरी ही चूक टळते.

दुसरी, अधिक खात्रीची खूण जोडाक्षरांत सापडते. इन्स्क्रिप्टच्या मूळ आराखड्यात शिफ्टसह पाच, सहा, सात आणि आठ या अंकांच्या कळांवर अनुक्रमे ज्ञ, त्र, क्ष आणि श्र आहेत. युनिकोडमध्ये क्ष हे एक चिन्ह नाही. क, हलन्त आणि ष अशी ती तीन चिन्हांची ओळ आहे. एक्सकेबीच्या तक्त्यात मात्र एका दाबाला सामान्यतः एकच चिन्ह मिळते. त्यामुळे इन्स्क्रिप्ट लेआउट म्हणून घेतले तर 'क्षेत्र' लिहिताना तिन्ही चिन्हे सुटी टंकावी लागतात, आणि तेच इन्स्क्रिप्ट एम१७एनमधून घेतले तर एका कळेत क्ष उमटू शकतो. मांडणी तीच, पण ती चालवणारी यंत्रणा वेगळी. ज्यांना वाटते की इन्स्क्रिप्ट म्हणजे लेआउट आणि उच्चारानुसारी म्हणजे इनपुट मेथड, त्यांचा समज इथे अर्धाच खरा ठरतो.

जुन्या टंकलेखन यंत्रावर हात बसलेल्यांसाठी आणखी एक उदाहरण देतो, कारण गोव्यात कचेऱ्यांतून निवृत्त झालेली अशी माणसे आजही पुष्कळ आहेत. यंत्रावर 'किनारा' लिहिताना पहिली वेलांटी आधी टंकली जाते आणि क नंतर. युनिकोडमध्ये मात्र आधी क साठवला जातो, मग वेलांटी. पडद्यावर ती डावीकडे दिसते ते फॉन्टचे काम. म्हणजे टंकयंत्राची सवय जशीच्या तशी टिकवायची तर कोणीतरी वेलांटी हातात धरून ठेवून क आल्यावर क्रम उलटवला पाहिजे. हे आठवणीचेच काम आहे. त्यामुळे रेमिंग्टनची, म्हणजे या जुन्या यंत्राच्या मांडणीची, मागणी करणाऱ्याला लेआउटच्या यादीत शोधायला लावू नये.

आता व्यवहारातला फरक. लेआउट खालच्या पातळीवर असल्यामुळे तो सगळीकडे चालतो: कोणत्याही उपयोजनात, फ्लॅटपॅक पद्धतीने बसवलेल्या उपयोजनाच्या बंदिस्त डब्यात, आणि लॉगिनच्या पडद्यावरसुद्धा. इनपुट मेथड चालण्यासाठी तिचा प्रोग्राम सुरू असावा लागतो आणि समोरच्या उपयोजनाला तिच्याशी बोलता यावे लागते. म्हणूनच लिबरऑफिसमध्ये मराठी नीट येते आणि एखाद्याच उपयोजनात येत नाही अशी तक्रार आली, तर कळांचे तक्ते तपासत बसू नये. त्या उपयोजनाचे आणि आयबसचे सूत जुळलेले नाही असे समजावे. उलट सगळीकडे सारखेच चुकीचे अक्षर पडत असेल तर दोष लेआउटच्या निवडीत असतो. केडीई प्लाझ्मा वेलँडवर चालवणाऱ्यांनी एफसीआयटीएक्स ५ 'व्हर्च्युअल कीबोर्ड' या शीर्षकाखाली निवडायचा असतो. हे ठिकाण कोणालाही सहजी सुचणारे नाही, म्हणून मुद्दाम सांगितले.

लेआउट सगळीकडे चालतो हा त्याचा गुण कधी कधी अंगावरही येतो. एका वाचनालयाचा संगणक लावताना मी देवनागरी लेआउट यादीत सर्वांत वर ठेवला आणि तोच संपूर्ण यंत्रणेला लागू केला. दुसऱ्या दिवशी तिथल्या ग्रंथपाल बाईंना पासवर्ड टाकता येईना, कारण पासवर्ड रोमन अक्षरांचा आणि कळा देवनागरी. टिंबांच्या आड काय उमटते ते दिसत नसल्याने त्या आपलाच पासवर्ड चुकला असे समजून तासभर खटपट करत राहिल्या, आणि त्याचे मला आजही वाईट वाटते. डिस्क कुलूपबंद असेल तर ही अडचण आणखी आधी, डेस्कटॉप सुरू होण्यापूर्वीच उभी राहते. म्हणून पहिली जागा नेहमी इंग्रजीला द्यावी आणि देवनागरी दुसऱ्या जागी ठेवावी. इंग्रजीतही 'इंग्रजी (भारत, रुपयासह)' हा प्रकार घेतला तर उजव्या ऑल्टसह चारची कळ दाबून ₹ मिळतो.

शॉर्टकटांच्या बाबतीतही दोघींचे वागणे सारखे नसते. देवनागरी लेआउट चालू असताना कंट्रोलसह सी दाबले तर तक्त्याप्रमाणे तिथे म आहे. बहुतेक उपयोजने यादीतल्या इंग्रजी लेआउटकडे पाहून अर्थ लावतात, पण सगळीच लावत नाहीत. इनपुट मेथडच्या खाली इंग्रजी लेआउटच असल्याने असे शॉर्टकट सुरळीत चालतात. टर्मिनलमध्ये फार काम करणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे.

सर्वांत वाईट गोष्ट म्हणजे दोन्ही यंत्रणा एकावर एक चढवणे. देवनागरी लेआउट चालू आहे आणि त्यावर आयट्रान्सही निवडले आहे, अशा स्थितीत इनपुट मेथडला रोमन केऐवजी थेट क मिळू शकतो. तिच्या तक्त्यात तो नसतो, आणि ती तो जसाच्या तसा पुढे सोडते. वापरणाऱ्याला वाटते आयट्रान्स बिघडले. याच्या उलटही घडते: एक्सएफसीई या आणखी एका डेस्कटॉपच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये तुम्ही लेआउट ठरवता आणि आयबस स्वतःच्या यादीप्रमाणे तो बदलून टाकतो. आयबसच्या प्रगत पर्यायांत 'यंत्रणेचा कीबोर्ड लेआउट वापरा' अशा अर्थाची एक चौकट असते, तिच्यावर खूण केली की ही ओढाताण थांबते. एक्सएफसीईत लेआउट मुळात बदलता यावा म्हणून आधी 'यंत्रणेची मूळ मूल्ये वापरा' हा पर्याय बंद करावा लागतो, हेही विसरू नये.

मराठीच्या दोन अक्षरांसाठी मात्र, वाट कोणतीही घेतली तरी, निवड डोळसपणे करावी लागते. 'दऱ्या', 'वाऱ्यावर' यांतला अर्धा र 'आचार्य'मधल्या रफारापेक्षा वेगळा आहे. इन्स्क्रिप्टमध्ये तो शिफ्टसह जे, मग हलन्त, मग य अशा क्रमाने सहज मिळतो. उच्चारानुसारी पद्धतींत त्याची रोमन जोडणी प्रत्येक तक्त्यात तपासून घ्यावी. दुसरे अक्षर ॲ. ते युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले. त्याआधी अ आणि चंद्र असे जोडून ते लिहिले जाई, आणि हिंदीच्या इन्स्क्रिप्टमधून मिळतो तो ऍ तिसराच. ॲ आणि जोडून केलेले रूप डोळ्याला सारखेच दिसते, पण शोध घेताना यंत्राला ते वेगळे शब्द वाटतात. गुरुजींच्या संहितांत 'ॲक्ट' हा शब्द पानोपानी येतो आणि अर्धे ॲक्ट शोधात सापडत नव्हते, त्याचे मूळ हेच होते. हिंदीचे इन्स्क्रिप्ट चालते म्हणून तेच ठेवणे मराठी लिहिणाऱ्याने टाळावे. मराठीच्या नावाची नोंद घ्यावी.

गोव्यात हा प्रश्न आणखी एका अंगाने येतो. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी लिपीतील कोंकणी राजभाषा ठरली आणि शासकीय कामकाजासाठी मराठीच्या वापराचीही तरतूद झाली, त्यामुळे एकच माणूस सकाळी कोंकणीत अर्ज लिहितो आणि संध्याकाळी मराठीत नाटक. एम१७एनमध्ये कोंकणीची वेगळी नोंद आहे, पण लिपी एकच असल्याने एकदा मराठी इन्स्क्रिप्टवर हात बसला की कोंकणीसाठी वेगळा लेआउट बाळगण्याची गरज सहसा पडत नाही. भाषा बदलते ती शुद्धलेखन तपासणीची, आणि तिचा कळफलकाशी संबंध नसतो. जुन्या पोर्तुगीज दस्तऐवजांतली नावे उतरवणाऱ्यांना ç आणि ã लागतात. त्यांना इनपुट मेथडची आवश्यकताच नाही, इंग्रजीचा आंतरराष्ट्रीय लेआउट पुरतो.

माझे मत स्पष्ट आहे. ज्याला रोज पानेच्या पाने लिहायची आहेत त्याने इन्स्क्रिप्ट लेआउट शिकावे. पहिले काही आठवडे बोटे अडखळतील, पण स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला ही विभागणी लवकर अंगवळणी पडते, आणि यंत्र बदलले, डेस्कटॉप बदलला तरी लिहिणे बदलत नाही. ज्याला आठवड्यातून चार ओळी लिहायच्या आहेत त्याच्यावर हा भार टाकणे अन्यायाचे आहे. त्याने आयबस आणि एम१७एन बसवून उच्चारानुसारी पद्धत घ्यावी. गुरुजींनी वयाच्या मानाने अवघड वाट घेतली. त्यांच्या यादीत आता दोनच नोंदी आहेत, वर इंग्रजी आणि खाली मराठी इन्स्क्रिप्ट, आणि सुपर व स्पेस या दोन कळा मिळून ते एकीवरून दुसरीवर जातात.