सोल्डरिंग आयर्नची निवड (इलेक्ट्रॉनिक्स)

पीसीबीवर (छापील सर्किटच्या पट्टीवर) घटकांचे पाय तांब्याच्या पॅडला जोडण्यासाठी लागणारे सोल्डरिंग आयर्न दुकानात वॅटवर मागितले जाते आणि वॅटवरच विकले जाते. वॅटवरून आयर्न किती वीज घेते ते कळते, टोकाचे तापमान कळत नाही. सांधा चांगला होण्यासाठी दोन गोष्टी पाहाव्या लागतात: बिट (टोक) ठरलेल्या तापमानाला राहते का, आणि सांध्याने उष्णता ओढून घेतल्यावर ते किती चटकन सावरते.

सोल्डर म्हणजे वितळवून सांधा जोडणारा मिश्रधातू. ६३ टक्के कथिल आणि ३७ टक्के शिसे असलेले सोल्डर १८३° से.ला वितळते, ६०:४० मिश्रण १८३ ते १९०° से.दरम्यान. युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून विद्युत उपकरणांतील शिशावर निर्बंध घातल्यावर कथिल, ३ टक्के चांदी आणि ०.५ टक्का तांबे यांचे मिश्रण सर्वत्र पसरले. त्याचा वितळबिंदू २१७ ते २२०° से. आहे. बिट मात्र शिशाच्या सोल्डरसाठी साधारण ३२० ते ३५०° से.ला आणि शिसेविरहित सोल्डरसाठी ३५० ते ३८०° से.ला ठेवतात, कारण सांधा दोन-चार सेकंदांत पुरा व्हायला हवा. कमकुवत आयर्नने पार्ट जळत नाही, ही समजूत उलटी आहे. कमकुवत आयर्न सांध्यावर बराच वेळ टेकवून ठेवावे लागते. तेवढ्यात उष्णता पायातून आयसीपर्यंत (चिपपर्यंत) चढते, फ्लक्समधली (धातू स्वच्छ करून सोल्डर पसरू देणाऱ्या पदार्थातली) राळ संपते आणि पॅड उखडून वर येतो.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत सहज मिळणारे २५ वॅटचे साधे आयर्न थेट २३० व्होल्टवर चालते. त्यात तापमान मोजणारे काहीच नसते. स्टँडवर पडून ते गरजेपेक्षा जास्त तापते, आणि ग्राउंडच्या रुंद तांब्यावर टेकवताच थंड पडते. शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्याने वीज २०० व्होल्टवर आली की हेच आयर्न जेमतेम १९ वॅटचे उरते. २५० व्होल्टला साडेएकोणतीस वॅटचे होते. वायर जोडणे, खेळणे दुरुस्त करणे, आयटीआयतला सुरुवातीचा सराव एवढ्याला ते पुरते. रोजच्या दुरुस्तीसाठी त्यावर पैसे घालण्यापेक्षा तापमान-नियंत्रित आयर्न घ्यावे.

नियंत्रणाची सर्वांत चतुर जुनी रीत अमेरिकेच्या वेलर कंपनीच्या मॅग्नास्टॅट आयर्नमध्ये दिसते. बिटच्या मागच्या टोकाला खास मिश्रधातूचा एक तुकडा असतो. थंड असताना तो आतल्या लोहचुंबकाला ओढून स्विच चालू ठेवतो. क्यूरी तापमान (ज्याच्या वर धातूला चुंबक ओढत नाही ते) गाठताच त्याचे चुंबकत्व जाते आणि स्प्रिंग स्विच बंद करते. तापमान बदलायचे तर बिटच बदलायचे. ७ आकड्याचे बिट म्हणजे ७०० अंश फॅरेनहाइट, सुमारे ३७०° से. फिरवायला बटण नसल्याने शिकाऊ माणसाच्या हातून तापमान बिघडत नाही, हा तिचा मोठा गुण.

नंतरच्या स्टेशनांत (आयर्न आणि त्याची वेगळी नियंत्रक पेटी) तापमान इलेक्ट्रॉनिक सर्किट राखते. जपानच्या हाको कंपनीच्या ९३६ या स्टेशनात हीटर आणि तापमापक दांड्यात असतात व पोकळ बिट त्यावर बसते. या दोहोंमधली हवेची फट उष्णतेचा वेग कमी करते. त्याच कंपनीच्या टी१२ प्रकारात आणि बार्सिलोनाच्या जेबीसीच्या काडतुशी बिटांत हीटर, तापमापक आणि टोक एकाच नळीत असल्याने टोक काही सेकंदांत तापते. अशा स्टेशनांच्या स्वस्त नकला बाजारात भरपूर आहेत. त्या सरसकट टाकाऊ नसतात, पण नकली स्टेशनचा आकडा आणि टोकाचे खरे तापमान यांत मोठा फरक असू शकतो.

बिटकडे खरेदीत फार थोडे लोक पाहतात. खरे तर निम्मी परीक्षा तिथेच असते. नुसते तांबे वितळलेल्या कथिलात हळूहळू विरघळते, म्हणून चांगल्या बिटच्या तांब्यावर लोखंडाचा मुलामा असतो. तो कानशीने किंवा पॉलिश पेपरने घासला की बिट संपलेच समजावे. साध्या आयर्नचे उघड्या तांब्याचे बिट मात्र घासून आकारात आणता येते. नवशिके सुईसारखे टोकदार बिट मागतात, पण त्याचा स्पर्श पॅडला फार कमी होतो. दीड-दोन मिलिमीटर रुंदीचे छिन्नीसारखे बिट बहुतेक कामे करते. एसएमडी (बोर्डाच्या पृष्ठावरच बसणाऱ्या) आयसीच्या पायांच्या ओळीसाठी चाकूच्या आकाराचे सोयीचे. त्या मॉडेलची बिटे पुढेही सुटी मिळतील का, हे घेतानाच विचारावे.

दोन पिनांच्या आयर्नच्या टोकावर विजेची सूक्ष्म गळती असू शकते. ती हाताला जाणवतेच असे नाही, पण मॉस्फेट या ट्रान्झिस्टरच्या गेटला (नियंत्रण करणाऱ्या पायाला) घातक ठरू शकते. अर्थिंगच्या तीन पिनी आयर्नची खात्री सोपी आहे: प्लग काढून, आयर्न थंड असताना मल्टिमीटरने टोक आणि अर्थची जाड पिन यांच्यातला रोध मोजावा, तो फार तर काही ओमच असावा. केबल सिलिकॉनची असली तर बिट चुकून टेकल्यावर ती पीव्हीसीसारखी वितळत नाही. पकड टोकाच्या जितकी जवळ, तितका हात स्थिर राहतो.

टीएस१०० आणि २०२० साली आलेले पिनेसिल ही पेनासारखी आयर्न दांड्यातच नियंत्रक घेऊन येतात. पिनेसिल यूएसबी-सी चार्जरवर चालते, पण मोबाइलच्या साध्या चार्जरवर त्याला पुरेशी शक्ती मिळत नाही; पूर्ण शक्तीसाठी लॅपटॉपचा २० व्होल्ट देणारा चार्जर घ्यावा. तो चार्जर दोन पिनांचा असेल तर टोकाला अर्थिंग मिळत नाही, आणि नाजूक सर्किटवर काम करताना अर्थची वेगळी तार जोडावी लागते.