स्मृतिभ्रंश झालेल्या प्रौढ नातेवाईकाचे पालकत्व : इंदुरात अर्ज कोठे करावा, कोण करू शकतो, कोणते कागद लागतात

घरातील वडीलधाऱ्या माणसाला स्मृतिभ्रंश झाला आणि त्याचे व्यवहार पाहणारे कोणी उरले नाही, किंवा पाहणाऱ्याचा अधिकार बँक मान्य करीना, की शासनच पालक होऊ शकते का आणि त्याचा फॉर्म कलेक्टर कचेरीत मिळतो का, असे विचारले जाते. असा एकच फॉर्म अस्तित्वात नाही. १८९० चा पालक व पाल्य कायदा अज्ञान, म्हणजे कायद्याने सज्ञान न झालेल्या, मुलांपुरता आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता एवढेच येते. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात जिल्हा न्यायालयाकडून पालक आणि मालमत्तेचा व्यवस्थापक नेमून घेण्याची सोय होती. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाल्यावर तीही राहिली नाही. त्यामुळे उपचार, ठरावीक निर्णय आणि मालमत्ता यांसाठी तीन वेगळी दारे ठोठवावी लागतात, आणि एका दाराचा आदेश दुसऱ्या दारी चालत नाही.

उपचारांचे दार सर्वांत सोपे आहे. २०१७ च्या कायद्याच्या कलम १४ प्रमाणे कोणतीही सज्ञान व्यक्ती साध्या कागदावर, सही किंवा अंगठा करून, आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमू शकते. तसे नेमलेले नसेल तर आगाऊ निर्देशात, म्हणजे आपल्यावर कसे उपचार व्हावेत हे रुग्णाने समज असताना लिहून ठेवलेल्या कागदात, नाव असलेली व्यक्ती, मग नातेवाईक, मग सांभाळ करणारी व्यक्ती, आणि त्यानंतर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाने नेमलेली योग्य व्यक्ती, असा क्रम कायद्यानेच लावून दिला आहे. मंडळाकडील अशा नेमणुकीच्या अर्जाचा निकाल सात दिवसांत व्हावा अशी तरतूद आहे. यांपैकी कोणीच उपलब्ध नसेल तर मंडळ समाजकल्याण विभागाच्या संचालकांना किंवा त्यांच्या प्रतिनिधीला नेमते. ‘शासनाचे पालकत्व’ म्हणून लोक जे शोधतात त्याच्या सर्वांत जवळ जाणारी तरतूद हीच. मात्र हा प्रतिनिधी केवळ मानसिक आरोग्यसेवेबाबत निर्णय घेतो, त्याला पासबुकाला हात लावता येत नाही.

दुसरे दार २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील मर्यादित पालकत्वाचे आहे. जिल्हा न्यायालय किंवा राज्य शासनाने त्यासाठी नेमलेला अधिकारी ठरावीक मुदतीसाठी आणि ठरावीक निर्णयापुरता पालक नेमतो, आणि त्या पालकाने संबंधित व्यक्तीच्या इच्छेला धरूनच वागायचे असते. वारंवार अशी नेमणूक करावी लागत असेल तर संपूर्ण साहाय्याचा आदेशही देता येतो. यासाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र हाताशी असलेले बरे. ते वैद्यकीय मंडळ देते आणि तपासताना स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद व समज, आणि कामकाज या चार बाबींवर गुण मांडले जातात. ज्या दिवशी रुग्ण ‘बरा बोलतो’ त्याच दिवशी तपासणी झाल्यास गुण फसवे येतात, म्हणून आंघोळ, जेवण, रात्रीचे भटकणे यांची महिनाभराची नोंद वहीत ठेवून ती वही सोबत न्यावी.

घर, मुदत ठेवी आणि पेन्शन यांचा प्रश्न मात्र बहुधा तिसऱ्या दाराशी, म्हणजे उच्च न्यायालयातच सुटतो. इंदूरकरांना त्यासाठी जबलपूरला जावे लागत नाही, एम. जी. रोडवरील इंदूर खंडपीठात राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली याचिका दाखल करता येते. अनेकांचा समज असा की आईने पूर्वीच मुखत्यारपत्र करून दिले आहे, तेव्हा काळजी नाही. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २०१ नुसार मुखत्यारपत्र देणाऱ्याची बुद्धी स्थिर राहिली नाही की ते आपोआप संपते. नेमके ज्या दिवसासाठी केले त्याच दिवशी ते निरुपयोगी ठरते.

आमच्या आत्यांना बँकेत नेले तेव्हा हे प्रत्यक्ष पाहिले. पैसे काढण्याच्या फॉर्मवर त्यांनी सावकाश, वळणदार अक्षरात सही केली, ती माहेरच्या नावाने. साठ वर्षांपूर्वी सोडलेले नाव. काउंटरवरील माणसाने अंगठा घेऊ असे सुचवले. आजारी खातेदाराचा ठसा दोन साक्षीदारांसमोर घेण्याची रिझर्व्ह बँकेची सवलत आहे हे खरे, पण ती हात न चालणाऱ्यांसाठी आहे. समज गेलेल्या माणसाचा अंगठा घेणे म्हणजे पुढच्या भाऊबंदकीला निमंत्रण.

याचिका पती, पत्नी किंवा अपत्याने करणे इष्ट. ते नसल्यास भावंड किंवा पुतण्या-भाचा करू शकतो, पण मग इतर वारसांची संमती अधिक काटेकोरपणे पाहिली जाते. २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने कोमातील रुग्णांसाठी जी पद्धत घालून दिली, तिच्यावरून न्यायालय काय पाहते याचा अंदाज येतो : मज्जाविकारतज्ज्ञ असलेले वैद्यकीय मंडळ, तहसीलदारापेक्षा कमी दर्जाच्या नसलेल्या अधिकाऱ्याची घरी चौकशी, मालमत्तेचा पूर्ण तपशील, आणि नेमणुकीनंतर दर सहा महिन्यांनी हिशेब.

त्यामुळे रुग्ण आणि अर्जदार या दोघांचे आधार, पॅन आणि समग्र आयडी (मध्य प्रदेश शासनाचा रहिवासी ओळख क्रमांक), नात्याचा पुरावा, उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे निदानाचे प्रमाणपत्र व एमआरआय, घराची रजिस्ट्री, नगर निगमची संपत्तिकर पावती, पासबुके, ठेवींच्या पावत्या, पेन्शनचा पीपीओ (पेन्शन देण्याचा आदेश), सर्व वारसांची शपथपत्रे, आणि औषधे, अटेंडंट, डायपर यांचा मासिक खर्च, एवढे जुळवूनच वकिलांकडे जावे. मराठी घरांत दोन अडचणी हटकून येतात. जुने वाटणीपत्र मराठीत असते, त्याचा हिंदी किंवा इंग्रजी अनुवाद जोडावा लागतो. आणि लग्नात नाव बदललेल्या बायकांचे शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरे नाव असते, म्हणून दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे शपथपत्र आधीच करून ठेवावे.

आदेशात खाते क्रमांक आणि घराचा पत्ता अचूक आला आहे ना हे त्याच दिवशी वाचून घ्यावे, कारण पालकाचा अधिकार त्यात लिहिलेल्या मालमत्तेपुरताच असतो आणि घर विकायचे झाल्यास वेगळी परवानगी लागू शकते. प्रत्येक बँक आणि पेन्शन कार्यालय आदेशाची प्रमाणित प्रत आपल्याकडे ठेवायला मागते, तेव्हा नकलेचा अर्ज करताना तितक्या प्रती एकदमच मागाव्यात.